धाकट्या भावाचं उदाहरण

३ मार्च

खंड्या,

मायना काय लिहावा यातच तीन कागद फुकट गेले. 'प्रिय' लिहिलं तर तू हसशील, 'चिरंजीव' लिहिलं तर न वाचता फाडशील. त्यापेक्षा आईने ठेवलेलं नाव बरं. लहानपणी बादलीतल्या पाण्याकडे त्या पक्ष्यासारखा टक लावून बसायचास आणि एकदम हात मारायचास, म्हणून खंड्या. या नावाने तुला हाक मारणारी आता मी एकटीच उरले असेन.

सहा वर्षांपूर्वी बसथांब्यावर आपण एकमेकांना पाहिलं आणि दोघांनीही न पाहिल्यासारखं केलं. त्यानंतर हे पहिलंच, तेव्हा लांबण लावत नाही. ठमीबद्दल लिहायचं आहे.

पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या उत्तरपत्रिका फेरतपासणीला माझ्याकडे येतात. निवृत्तीला वर्ष राहिलं तरी हे लोढणं गळ्यात आहेच. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, नुसता क्रमांक. शनिवारी गठ्ठा सोडला आणि तिसऱ्याच उत्तरपत्रिकेत मला तुझा 'ळ' दिसला. खालचं वेटोळं अर्ध्यात सोडून दिलेला. तुझी लेक दुसऱ्या कॉलेजात माझाच विषय, तत्त्वज्ञान, घेऊन बसली आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तुला तरी ठाऊक होतं का?

पाचवा प्रश्न दरवर्षीचाच: 'धाकट्या भावाच्या उदाहरणाच्या आधारे मनाच्या दुबळेपणाची चर्चा करा.' हे उदाहरण माझ्या पुस्तकातलं, चौथ्या प्रकरणातलं. तुला वाचायचा कंटाळा, म्हणून थोडक्यात सांगते. माझ्या ग्रीक म्हाताऱ्याला (आई त्याला म्हातारा म्हणायची, आठवतं? 'आज काय म्हणतोय तुझा म्हातारा?') एका गोष्टीने फार छळलं. त्याच्या आधीचे शहाणे म्हणायचे, चांगलं काय ते खरोखर कळलं की माणूस वाईट वागूच शकत नाही. म्हातारा म्हणाला, वागताना तर दिसतात. आपण 'कळतं पण वळत नाही' म्हणतो आणि सोडून देतो, तो सोडणारा नव्हता. त्याने दोन प्रकारची माणसं वेगळी केली. दुबळा माणूस चुकतो आणि मागाहून झुरतो. वाईट माणूस ठरवून करतो आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. दुबळ्याला औषध आहे, वाईटाला जवळजवळ नाही. माझ्या पुस्तकात चौथं प्रकरण दुबळ्यांचं आणि पाचवं वाईटांचं.

आणि चौथ्यात तो धाकटा भाऊ. आई अंथरुणाला खिळलेली, दुपारी दोन ते सहा त्याची पाळी. काही हवं असलं की आई स्टीलच्या ग्लासवर चमचा वाजवते. आपण इथून हलता कामा नये हे त्याला पक्कं ठाऊक आहे, आणि तरी तो उठतो, दार ओढून घेतो आणि दारूच्या दुकानात जाऊन बसतो. आई पडते आणि मरते. बस, एवढंच. नाव नाही, गाव नाही. पाच आवृत्त्या निघाल्या, कोणी ओळखलं नाही.

ठमीने ओळखलं. चमच्यावरून. आजी ग्लासवर चमचा वाजवायची हे तूच तिला कधीतरी कौतुकाने सांगितलं असणार. तिने उत्तरात लिहिलंय, जसंच्या तसं देते: 'या उदाहरणातला भाऊ माझे वडील आहेत. मी त्यांच्याबरोबर अकरा वर्षं राहिले. त्यांना या गोष्टीचा पश्चात्ताप झाल्याचं मी कधी पाहिलं नाही. ज्याला पश्चात्ताप नाही तो दुबळा नव्हे. सबब हे उदाहरण चौथ्या प्रकरणातून काढून पाचव्यात घालावं, अशी लेखिकेस विनंती.'

मी चाळीस वर्षं शिकवते आहे. इतकं नेमकं उत्तर मला कोणी लिहून दिलेलं नाही. आणि ते वाचून मला पाणी प्यायला उठावं लागलं.

तिने घर सोडलं असंही माझ्या कानावर आलंय. तेव्हा माझं ऐक. आयुष्यात एकदा तरी ऐक. त्या रविवारी तू उठून गेलास हे तर खरंच आहे, ते आता बदलत नाही. पण तुला त्याचं वाईट वाटतं एवढं तिला तोंडाने सांग. मिठाची गुळणी धरून बसू नकोस. मुलगी तर्काने चालणारी आहे, तिला पुरावा मिळाला की ती परत येईल. माझ्याकडून म्हणशील तर सहावी आवृत्ती तयार होते आहे. हवं तर चमचा काढून टाकते.

ताई


१९ मार्च

खंड्या,

उत्तर नाही. ठीक आहे, सवय आहे मला.

मंगळवारी तुझ्या बाइंडिंगच्या दुकानावर जाऊन आले. शटर खाली. फटीतून खळीचा वास येत होता आणि आत कापायच्या मशीनवर कोणाचा तरी प्रबंध पुठ्ठ्याविना तसाच पडलेला दिसला. शेजारच्या झेरॉक्सवाल्याला विचारलं तर तो माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "तुम्ही कोण?" मी म्हटलं, बहीण. तो म्हणाला, "त्यांना बहीण आहे होय?" माझं पहिलं पत्र मात्र त्यानेच तुला दिलं असं कळलं. बाकी विचारलं तर नुसता 'तब्येत' म्हणाला आणि मशीनचं झाकण उघडून आत डोकं घातलं.

तब्येत म्हणजे काय ते मला कळतं. पुन्हा सुरू केलंस ना? ठमीची आई वारली, ती नऊ वर्षांची पोर तुझ्या दारात आली आणि त्या दिवसापासून तू थेंब घेतला नाहीस, हे मी लोकांना अभिमानाने सांगत आले. सवयीने माणूस घडतो, हे म्हाताऱ्याचं म्हणणं पटवायला मी वर्गात तुझाच दाखला देते, नाव न घेता. आणि पोरीने एक प्रश्न विचारला तर तू पुन्हा तिथेच. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तो असा.

मग वसतिगृहात गेले, ठमीकडे. कॅन्टीनमध्ये खिडकीजवळ बसलो. टेबलाचा एक पाय आखूड होता, तिने घडी केलेला कागद खाली सरकवला आणि हलवून पाहिला. अगदी तू. मला 'तुम्ही' म्हणाली.

"पेपर तुमच्याकडे गेला का?"

"गेला."

"किती दिलेत?"

"वीसपैकी चौदा. दुसरा मुद्दा अर्धवट सोडलास."

ती हसली, पण हसू टिकलं नाही. म्हणाली, "मी बाबांना सरळ विचारलं, आत्या. पुस्तक समोर ठेवलं आणि विचारलं, हे तुम्हीच का? ते जेवत होते. म्हणाले, ताईने लिहिलंय ना, मग खरंच असेल. ताई खोटं लिहीत नाही. आणि वाटी पुढे केली, आणखी वाढ म्हणून."

मी म्हटलं, "मग?"

"मग काय. ओरडले असते, रडले असते, मी तेव्हा शुद्धीत नव्हतो म्हणाले असते, तरी मी राहिले असते. शाळेत असताना रोज सकाळी माझी वेणी घालायचे ते. दोऱ्याने पुस्तक शिवतात तशी घट्ट, डोकं दुखायचं माझं. आणि आजी कशी मेली, तर ताईने लिहिलंय तशी. वाटी पुढे. मला त्या वाटीत वाढवेना."

तिने तुझी बाजू घेण्याची संधी मला दिली होती, हे मला कळत होतं. माझ्याकडे बघत थांबली होती ती. मी काय केलं सांगू? दुसरा मुद्दा कसा पुरा करायचा ते समजावून सांगितलं. तिने वहीत लिहूनही घेतलं.

जिना उतरताना मागून म्हणाली, "तुम्ही तरी त्यांना कधी विचारलंत का, का गेलात म्हणून?"

मी म्हटलं, "उशीर होतोय मला."

ताई


२ एप्रिल

खंड्या,

दुसरं पत्रही पोचलं असं झेरॉक्सवाला सांगतो. वाचलंस का विचारलं तर म्हणाला, "वाचतात. दोनदा वाचतात. मग उशीखाली ठेवतात." दुकानात उशी कुठून आली, कोण जाणे.

सहाव्या आवृत्तीची प्रूफं टेबलावर पडून आहेत. संपादक रोज विचारतो, मी रोज उद्या म्हणते. चौथं प्रकरण उघडलं की ताईने लिहिलंय म्हणजे खरंच असेल हे वाक्य पानावर येऊन बसतं. आई म्हणायची, मी नाकाने कांदे सोलते. दुसऱ्याच्या चुका मला दुरून दिसतात. जवळचं बघायला मी चष्मा केलाच नाही.

जी गोष्ट जगात फक्त आपल्या दोघांना ठाऊक आहे, ती तुलाच लिहून कळवायची म्हणजे वेडेपणा आहे. पण एकोणीस वर्षं मी तुझ्यासमोरसुद्धा ती घडलीच नाही असं वागत आले. पहिल्या पत्रातही, बघ, 'त्या रविवारी तू उठून गेलास' असं बिनदिक्कत लिहिलं. लिहिताना हात अडखळलाही नाही.

तू फोन केला होतास.

दोन वाजून दहा मिनिटांनी. म्हणालास, "ताई, हात राहत नाहीयेत. आज सव्विसावा दिवस. आई झोपलीय, पण मला इथे बसवत नाही. मी केंद्रावर जाऊन बसतो, तिथले डॉक्टर आहेत आज. तू येशील का लगेच?" दारू सोडवायच्या केंद्रावर जायला तू परवानगी मागत होतास. दुकानात जायला नाही. आणि मी म्हटलं, "तू जा. मी निघतेच. वीस मिनिटांत पोचते."

म्हणजे तू पाळी सोडून पळाला नव्हतास. तू ती माझ्याकडे दिली होतीस आणि मी ती घेतली होती. हे मी कोणाला सांगितलं नाही. सगळ्यांना सांगितलं, माझी पाळी सहाची, सहज लवकर गेले तर आई पडलेली आणि घरात कोणी नाही. तू सहा वाजता आलास तो पिऊन आलास. मग कोणी काही विचारलंच नाही. खापर फुटायला डोकं लागतं, ते समोर आयतं होतं. तू माझ्याकडे पाहिलंस. मी आईच्या औषधांच्या बाटल्या गोळा करत होते.

पुस्तकात फोन का नाही, याला माझ्याकडे कारण आहे आणि ते मी बरीच वर्षं स्वतःला पटवत आले. उदाहरणात एकच माणूस आणि एकच दोष ठेवायचा, ही आमच्या धंद्याची रीत. दोन माणसं चुकली की मुलं भरकटतात, जास्त चूक कोणाची यावर भांडत बसतात आणि मूळ मुद्दा राहून जातो. म्हणून उदाहरण धुऊन घ्यायचं. पण अगदीच धुतलं तर ते मेल्यासारखं वाटतं, म्हणून एखादा तपशील जिवंत ठेवायचा. मी चमचा ठेवला, फोन काढला.

मला पोचायला उशीर झाला, कारण बस मिळाली नाही. रविवार होता, तुला आठवतच असेल.

आता ठमीला काय सांगायचं ते तू सांग. मला तिच्यासमोर उभं राहायचं बळ नाही.

ताई


११ एप्रिल

खंड्या,

बसचं खोटं आहे.

मागचं पत्र टपालात टाकून घरी आले आणि चपला न काढता खुर्चीत बसले. तशीच त्या दिवशी बसले होते. म्हणून आज लिहिते आहे. मधे उठायचं नाही असं ठरवून बसले आहे.

तुझा फोन ठेवला तेव्हा माझ्या पायात चपला होत्या, पिशवी खांद्याला होती. टेबलावर चौथं प्रकरण होतं. तीन आठवडे ते अडलं होतं, कारण मला उदाहरण सापडत नव्हतं. जुन्या टीकाकारांची उदाहरणं पथ्यातही गोड खाणाऱ्यांची, कोणाचा जीव त्यात गुंतेल असं काही नाही. आणि तुझा आवाज कानात होता. कळतंय त्याला, सगळं कळतंय, आणि तरी तो जाणार. केंद्रावर वगैरे काही नाही, हा आता दुकानात जाऊन बसणार, अशी माझी खात्रीच होती. मी दाराशी उभी होते आणि मला कळलं की हेच ते. दोन ओळी टिपून ठेवाव्यात म्हणून बसले, विसरून जाईन म्हणून.

मी विसरले नव्हते, खंड्या. आई एकटी आहे हे मला दर ओळीला ठाऊक होतं. घड्याळ समोर होतं. तीन वाजले तेव्हा मी घड्याळ पाहिलं. मनात म्हटलं, ती चारपर्यंत झोपते, तोवर काही होत नाही. साडेतीनला पुन्हा पाहिलं. धाकटा भाऊ उठला, त्याने दार ओढून घेतलं, तो दुकानात शिरला. सगळं एका बैठकीत लिहून झालं, एक शब्द खोडावा लागला नाही. इतकं चांगलं मी त्याआधी लिहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. सव्वाचारला उठले. बस लगेच मिळाली.

तू त्या दुपारी काय केलंस ते मला तेव्हा ठाऊकच नव्हतं. मी ते आधीच लिहून टाकलं होतं. 'आई पडते आणि मरते' एवढं वाक्य मात्र पुढच्या महिन्यात घातलं.

पाऊण वाजता, म्हणजे पावणेपाचला, मी दार उघडलं. बघ, वेळ लिहितानाही हात चुकतो. आई पॅसेजमध्ये फोनच्या खाली पडली होती, एक हात भिंतीला टेकलेला. रिसीव्हर वायरीला लोंबकळत होता. मी काय केलं असेल? आधी रिसीव्हर उचलून जागेवर ठेवला. मग आईकडे वाकले. अजून कोमट होती. डॉक्टर म्हणाले, जाऊन अर्धा तासच झालाय, त्याआधी बराच वेळ तशी पडून असेल, कोणी घरात असतं तर. पुढचं ते बोलले नाहीत. चांगला माणूस होता.

ती मलाच फोन करायला उठली असणार. दुसरं कोण होतं तिला? एकोणीस वर्षं मी तो न आलेला फोन ऐकते आहे. घरात फोन वाजला की आजही दोनदा वाजू देते.

ठमीची विनंती मला मान्य आहे, फक्त माणूस चुकला. त्या दुपारी मला मोह नव्हता, नशा नव्हती, हात थरथरत नव्हते. मी विचार करून बसले आणि विचार करून बसून राहिले. आणि नंतर झुरले का? खरं सांगते, फारशी नाही. पुस्तक गाजलं आणि मला बरं वाटलं. सभागृहात लोक त्या परिच्छेदाला माना डोलवायचे आणि मला बरं वाटायचं. म्हाताऱ्याच्या हिशेबाने मी पाचव्या प्रकरणातली. माझं प्रकरण मी स्वतःच लिहिलं आणि त्यात मी मला ओळखलं नाही.

तू का बोलला नाहीस? एका वाक्याचं काम होतं. 'मी ताईला फोन केला होता.' मी वाट बघत होते की तू म्हणशील. पहिलं वर्षभर रोज वाट बघितली. मग मला वाटायला लागलं की दारूत तू विसरलास. पुढे वाटलं, माझ्यासाठी गप्प बसलास. कुठलं खरं आहे?

ठमीसाठी वेगळं पत्र लिहून ठेवलंय, यातलं सगळं आहे त्यात. पाकिटात घातलंय, तिकीट लावलंय. तुला विचारल्याशिवाय टाकत नाही.

ताई


१६ एप्रिल

ताई,

सगळी पत्रं मिळाली. झेरॉक्सवाला आणून देतो. मी सरकारी दवाखान्यात आहे, पाच आठवडे झाले. पुरुषांचा वॉर्ड, तिसरा मजला, खिडकीकडून दुसरी खाट. दारू नाही गं. ती सुटली ती सुटली. पण जायच्या आधी तिने तिचं काम करून ठेवलं होतं. यकृत गेलंय. डॉक्टर आधी महिन्यांत बोलायचे, आता आठवड्यांत बोलतात. कागद पावतीपुस्तकाचा आहे, मागची बाजू कोरी आहे म्हणून घेतला. एका दमात लिहवत नाही, तीन दिवस लागले.

तुझं पुस्तक मी वाचलंय. सगळं नाही, चौथं प्रकरण. चौदा वर्षं झाली. एक पोरगी त्याच्या बारा प्रती झेरॉक्स करून बांधायला घेऊन आली, वर्गासाठी. एकेचाळिसावं पान उलटं लागलं होतं, ते सरळ करताना नजर गेली. चमचा दिसला. खुर्चीत बसून वाचलं. मग बाराही शिवल्या. तेव्हा मी प्यायचो तरी शिवण चांगली झाली होती.

मी गप्प का बसलो विचारतेस. तुझ्यासाठी नाही. तू स्वतःला फार मोठी समजतेस, आई म्हणायचीच.

मी केंद्रावर गेलो, ते खरं. डॉक्टर यायचे होते. तिथून घरी फोन लावला, तू पोचलीस का बघायला. तीन वाजता. कोणी उचलला नाही. वीस मिनिटांनी परत लावला. नाही उचलला. म्हणजे तू आलेली नाहीस हे मला कळलं. तुझ्या घरी लावायला हवा होता. नाही लावला. तू उचलला असतास तर काय बोलायचं, आणि तू नेहमीसारखी बोलायला लागली असतीस. तिसऱ्यांदा घरीच लावला. खूप वाजला. मग उचलला. मी म्हटलं, ताई? कोणी बोललं नाही. नुसता श्वास. मी परत म्हटलं, ताई, आलीस का? मग काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि श्वास लांब गेला.

तो श्वास तुझा नव्हता हे मला तेव्हाच कळलं होतं. आई तुला फोन करायला नव्हती उठली. माझ्या फोनसाठी उठली होती. मी तिला उठवलं.

केंद्रापासून घर दहा मिनिटं. मी पळत निघालो, खरंच पळत. कोपऱ्यावर ते दुकान. मला वाटलं एक घेतली की जिना चढायचं बळ येईल. वर काय दिसणार ते मला माहीत होतं. एक घेतली. मग सहा वाजले.

तेव्हा तुझं उदाहरण बरोबर आहे. शब्दन् शब्द. तू मनाने लिहिलंस आणि ते तसंच झालं होतं. तू लिहीत होतीस तेव्हाच होत होतं. ठमीने विचारलं तेव्हा मला हे सगळं सांगायचं होतं. तोंड उघडेना. ताई खोटं लिहीत नाही, एवढं निघालं. हात कुठे ठेवावा कळेना म्हणून वाटी पुढे केली.

झेरॉक्सवाल्याने तिला शोधून आणलं. तिला मी फोनचं सांगितलं, तिन्ही वेळचं, आणि दुकानाचं. तू येते म्हणाली होतीस हेही सांगावं लागलं, नाहीतर गोष्ट जुळत नव्हती. का आली नाहीस ते सांगितलं नाही. ते तुझं आहे. मला विचारून काय टाकतेस, टाक. ठमीने माझे केस विंचरले, जेवढे आहेत तेवढे. म्हणाली, बाबा, माझं उत्तर चुकलं. आत्याला चौदा मार्क परत द्यावे लागणार. मार्क मात्र कापू नकोस तिचे.

सकाळी ती असते. दोन वाजता तिला ग्रंथालयात कामावर जावं लागतं. सहाला झेरॉक्सवाला दुकान बंद करून येतो. मधे कोणी नसतं. खाटेला बेल आहे पण ती वाजत नाही, नर्स लांब बसते. ठमीने उशाशी ग्लास आणि चमचा ठेवलाय.

दोन ते सहा येशील का?

निघते म्हणून कळवू नकोस. ये.

खंड्या